सांगलीची तार, लडाखची वाट

मनालीहून लेहकडे निघालेला प्रवासी दारचा गाव मागे टाकतो, तेव्हा त्याच्या आयुष्यातून काही गोष्टी एकदम नाहीशा होतात. झाडे संपतात. शेते संपतात. मोबाइलच्या पडद्यावरील लहरींच्या रेघा एक एक करून मावळतात. उरतात ते तपकिरी, जांभळे, राखी रंगांचे पर्वत आणि त्यांच्या अंगावर दोरीसारखा पडलेला एकच रस्ता. दारचाला एक फाटा शिंकू ला ओलांडून झांस्करकडे जातो, तो टाळला की पुढे चुकण्यासाठीही दुसरी वाट फारशी नाही. मग अशा वाटेवर दिशा दाखविणारे यंत्र कशाला हवे, असा प्रश्न कोणालाही पडेल. सांगलीच्या एका वाहन-वीजतंत्र्यालाही तो पडला होता.

वयाच्या साठीला टेकलेले हे गृहस्थ. चाळीस वर्षे मोटारी, ट्रॅक्टर आणि दुचाकी यांच्या तारा जोडण्यात गेलेली. त्यांचा भाचा पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरीला. लडाखला दुचाकीवरून जाण्याचा हट्ट भाच्याचा. पण त्याच्या आईने एक अट घातली. “मामा बरोबर असेल तरच जा.” अशा रीतीने मामांची जुनी बुलेट आणि भाच्याची नवी, इंधन-इंजेक्शनची मोटारसायकल अशी विजोड जोडी जमली.

निघण्यापूर्वी महिनाभर आधी भाचा सांगलीला आला, तो गाडी टेम्पोत घालून. दुचाकीसाठी बनविलेला, पावसात भिजणारा आणि हातमोज्यांनीही चालविता येणारा जीपीएस दिशादर्शक त्याने विकत घेतला होता आणि पुण्यात स्वतःच गाडीला जोडला होता. दहा दिवस गाडी वाहनतळात उभी राहिली. अकराव्या दिवशी बटण दाबले, तर नुसती टकटक. बॅटरी उतरली होती.

“यंत्र तर काढून घरी ठेवलं होतं, मामा,” भाचा म्हणाला. “मग बॅटरी कुणी खाल्ली?”

मामांनी आसन उचलले, मल्टिमीटर लावला आणि काही न बोलता त्याचा आकडा भाच्यापुढे धरला. यंत्र काढले तरी त्याची बैठक गाडीवरच होती, आणि बैठकीच्या तारेत बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारी लहानशी डबी होती. ती थेट बॅटरीला जोडलेली. डबी रिकामी बसली तरी पंचवीस मिलिअँपिअर पीत होती. हिशेब सोपा आहे. दिवसाचे चोवीस तास धरले तर ०.६ अँपिअर-तास; दहा दिवसांत सहा. आणि गाडीची बॅटरी अवघी आठ अँपिअर-तासांची. त्यात गाडीचे घड्याळ आणि संगणक यांचे स्वतःचे खाणे वेगळेच. यंत्र स्वतः चालू असताना सुमारे एक अँपिअर घेते. ते रात्रभर चालू राहिले असते, तर दहा दिवसही लागले नसते.

सपाटीवर हा त्रासाचा विषय असतो, पर्वतात तो भीतीचा होतो. जुन्या गाड्यांना किक असे. बॅटरी मेली तरी पायाच्या जोरावर इंजिन जागे करता येई. नव्या गाड्यांतून किक गेली. शिवाय इंधन-पंप आणि इंजेक्शनचा संगणक यांनाही वीज लागते. बॅटरी पूर्ण कोरडी असेल, तर ढकलूनही गाडी सुरू होईलच असे नाही. चौदा हजार फुटांवर, जिथे दहा पावले चालले तरी धाप लागते, तिथे दोनशे किलोच्या गाडीला ढकलणार कोण? त्यात थंडीने शिशाच्या बॅटरीची ताकद आधीच घटलेली.

मामांनी भाच्याची जोडणी पूर्ण उचकटली. तारेला चावा घेऊन जोडणारी प्लॅस्टिकची चिमटी भाच्याने वापरली होती. ती मामांनी पक्कडीने तोडून टाकली. “ही चिमटी तारेचे निम्मे केस कापते,” ते म्हणाले, “आणि उरलेल्या निम्म्यांना पाणी पाजते.” नव्या गाडीचा मूळ हार्नेस कापायचा नाही हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम असा, की बॅटरीपासून निघणाऱ्या धन तारेवर फ्यूज हवा आणि तो बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका चांगला. कारण फ्यूज यंत्राचे नव्हे, तारेचे रक्षण करतो. फ्यूजच्या अलीकडे तार शॉर्ट झाली तर तिला वाचविणारे कोणीच नसते.

मग रिले आला. चार पायांचा, काळ्या डबीतला, कोणत्याही वाहन-वीजसाहित्याच्या दुकानात मिळणारा. तीस क्रमांकाच्या पायाला बॅटरीची फ्यूजमधून आलेली तार, सत्त्याऐंशीला यंत्राकडे जाणारी. उरलेल्या दोन पायांपैकी पंचाऐंशीला ऋण तार आणि शहाऐंशीला मागच्या दिव्याच्या तारेतून घेतलेला इशारा. २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. या गाडीत किल्ली फिरविताच मागच्या दिव्याच्या तारेत वीज येत होती. म्हणजे किल्ली फिरली की रिले टक्कन आवाज करून जुळणार, यंत्र जागे होणार. किल्ली बंद, की सारी तार मृत. डबीला रात्री खायला काही नाही.

“एका अँपिअरसाठी रिले कशाला? मागच्या दिव्याच्या तारेवरच यंत्र लावू की,” भाच्याने विचारले. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. अनेक जण तसे करतात आणि त्यांचे निभावतेही. मामांचे उत्तर असे : “यंत्राची तार कधी शॉर्ट झाली तर दिव्याचा फ्यूज उडंल. घाटात, अंधारात, मागनं ट्रक येत असताना तुझा मागचा दिवा जाईल. आपल्या हौसेसाठी गाडीच्या गरजेला हात लावू नये, बाळ.”

सांधे त्यांनी डाख देऊन केले नाहीत. डाख लावलेली तार कडक होते आणि सततच्या थरथरीने नेमकी त्या कडेला तुटते; म्हणून लग लावून क्रिंपिंग, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह. तार टाकीखालून नेताना इंजिनाच्या आणि सायलेन्सरच्या तापापासून दूर. हँडलपाशी थोडी ढील. मामांनी हँडल डावीकडे शेवटपर्यंत वळविले, उजवीकडे शेवटपर्यंत वळविले, तार कुठे ताणत नाही हे पाहिले आणि शेवटी दोन अँपिअरचा राखाडी फ्यूज बसविला. तसलेच पाच फ्यूज, दोन मीटर तार, लग आणि स्लीव्हचे तुकडे हे सारे एका जुन्या पत्र्याच्या डबीत भरले. ती डबी मामांच्या बुलेटच्या झोळीत गेली.

मिरज स्थानकावर गाड्यांच्या टाक्या रिकाम्या करून, त्यांना गोणपाटात गुंडाळून रेल्वेच्या स्वाधीन करण्यात एक दिवस गेला. दिल्लीपासून मनालीपर्यंतचा प्रवास धुळीचा, गर्दीचा; त्याविषयी सांगण्यासारखे विशेष नाही.

मनालीच्या वर अटल बोगदा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो खुला झाला आणि रोहतांग खिंडीचा वळसा टळून सुमारे ४६ किलोमीटर वाचू लागले. नऊ किलोमीटरहून थोडा लांब असलेल्या या बोगद्यात शिरताच भाच्याच्या पडद्यावरचा बाण अडखळला. ते स्वाभाविकच आहे. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. त्यांच्याकडून येणारा अतिशय क्षीण संदेश आणि त्यातील अणुघड्याळाची वेळ यांवरून यंत्र स्वतःचे स्थान काढते; अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळाची चूक अशा चार अज्ञातांसाठी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. डोक्यावर पर्वत असेल तर एकही दिसत नाही. भारतानेही याच कामासाठी स्वतःची मालिका उभारली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला आणि आज ती ‘नाविक’ या नावाने ओळखली जाते.

येथे एक गोष्ट सांगून ठेवणे बरे. हे यंत्र केवळ ऐकते, बोलत नाही. म्हणून त्याला मोबाइलचे जाळे लागत नाही आणि ते बाळगण्यास परवान्याचीही गरज नाही. परंतु उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारे फोन आणि तत्सम साधने ही वेगळी जात आहे. सरकारी परवानगीवाचून ती भारतात बाळगणे हा गुन्हा ठरतो. परदेशातील आप्तांनी प्रेमाने पाठविलेले असले साधन सीमाभागात नेऊन अडचणीत येऊ नये.

टांडीच्या पेट्रोलपंपावरील फलक प्रसिद्ध आहे : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. आता लेहच्या अलीकडे कारूलाही पेट्रोल मिळते, तरी टांडीला टाकी काठोकाठ भरून आणि वर पाच लिटरचा डबा घेऊन निघण्याची रीत मोडलेली नाही. जिस्पाला दोघे दोन रात्री राहिले. शरीराला उंचीची ओळख व्हावी म्हणून हा मुक्काम असतो. घाई करणाऱ्यांना डोकेदुखी, मळमळ आणि त्याहून वाईट गोष्टी सरचूला गाठतात. तिथे भागाभाकरीचा प्रश्न नव्हता. सांगलीहून आणलेल्या दशम्या आणि शेंगांची चटणी अजून शिल्लक होती.

याच मुक्कामात यंत्राचे आणि मामांचे पहिले भांडण झाले. यंत्र म्हणत होते, सकाळी दहाला निघालात तरी दुपारी सरचूला पोचाल. मामा म्हणत होते, पहाटे निघायचे. यंत्राला अंतर ठाऊक होते, वळणे ठाऊक होती. पण बर्फाचे पाणी ठाऊक नव्हते. बारालाचा खिंडीच्या अलीकडे रस्त्यावरून नाले वाहतात. सकाळी ते घोट्याएवढे असतात. ऊन चढले, वरचा बर्फ वितळला, की दुपारी तेच नाले चाकाच्या आसापर्यंत येतात. जिस्पाच्या ट्रकचालकांकडून मामांनी हे चहा पिता पिता काढून घेतले होते. पहाटे निघालेले दोघे ४,८९० मीटर उंचीची बारालाचा खिंड उन्हाआधीच चढून गेले. सूरजतालाचे पाणी तेव्हा आरशासारखे स्थिर होते.

सरचूची रात्र तंबूत. सप्टेंबरचा आरंभ असूनही पारा शून्याखाली गेला. सकाळी भाच्याच्या गाडीच्या आसनावर हिमकणांचा पापुद्रा जमला होता. त्याने किल्ली फिरविली. आसनाखाली रिले टक्कन वाजला. बटण दाबताच इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. मामांच्या बुलेटने मात्र विरळ हवेत बारा किका मागून घेतल्या.

सरचूपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर गाटा लूप्स लागतात. एकवीस वळणे, एकावर एक रचलेली. प्रत्येक वळणावर हँडल जवळजवळ शेवटपर्यंत फिरते आणि पुढच्या वळणावर तितकेच उलट. एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसतो. फार वर्षांपूर्वी बर्फात अडकून मेलेल्या ट्रकच्या क्लीनरसाठी येणारे-जाणारे चालक तिथे पाणी ठेवतात, असे सांगतात. गोष्टीची शहानिशा कोणी करीत नाही. पाणी मात्र सारे ठेवतात.

भाचा पुढे होता, मामा दोन वळणे खाली. बाटल्यांच्या थोडे वर यंत्राचा पडदा काळा झाला. भाच्याने गाडी कडेला घेतली, आसन उचलले. राखाडी फ्यूज उडाला होता. मामांच्या डबीत पाच फ्यूज होते, पण डबी दोन वळणे खाली होती. भाच्यासमोर गाडीच्या स्वतःच्या फ्यूजपेटीत जादा म्हणून ठेवलेला एक निळा फ्यूज होता, पंधरा अँपिअरचा. आकार तोच. चपखल बसला. पडदा उजळला आणि भाचा पुढे निघाला.

तिसऱ्या वळणावर त्याला जळक्या नायलॉनचा वास आला. मग टाकीच्या पुढच्या टोकाशी, हँडलच्या मानेजवळ, धुराची बारीक रेघ. त्या टाकीत टांडीहून भरलेले पेट्रोल होते.

खालच्या वळणावरून मामांना धूर दिसला होता. “किल्ली! किल्ली बंद कर!” ते ओरडले. भाच्याने किल्ली फिरविली. रिले सुटला. धूर काही क्षण रेंगाळला आणि विरला.

या एका क्षणासाठी तो रिले होता, असे म्हणता येईल. पुण्यातील जुनी जोडणी असती, तर बॅटरीपासून हँडलपर्यंतची तार किल्ली बंद केल्यावरही जिवंत राहिली असती. आसन उचलून, पक्कड शोधून तार तोडेपर्यंत काय झाले असते याचा विचार न केलेला बरा.

मामा पोचले तेव्हा त्यांना बोलण्याइतका श्वास नव्हता. ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. भाच्याने न विचारताच निळा फ्यूज काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. मामांनी तो उलटसुलट पाहिला आणि खिशात टाकला. रागावले नाहीत, उंचीवर रागावायलाही हवा लागते.

कारण सापडायला वेळ लागला नाही. टाकीवर बांधलेल्या पिशवीचा पुढचा पट्टा हँडलच्या मानेभोवती आवळलेला होता आणि त्याच्याखाली तार चौकटीच्या कडेवर दाबली जात होती. सांगलीत ठेवलेली ढील पट्ट्याने गिळली होती. प्रत्येक वळणाला तार त्या कडेवर घासली, आवरण गेले आणि तांबे चौकटीला टेकले. दोन अँपिअरच्या फ्यूजने आपले काम चोख केले, तो उडाला. पंधराच्या फ्यूजला मात्र अधूनमधून टेकणारे ते तांबे पुरेसा मोठा गुन्हा वाटले नाही. त्याने ठिणग्या चालू दिल्या. पूर्ण शॉर्ट असता तर तोही उडाला असता. अर्धवट शॉर्ट हाच अधिक घातकी.

“चूक माझी, मामा,” भाचा म्हणाला.

“फ्यूजची तुझी,” मामा म्हणाले. “तारेची माझी. हँडल फिरवून बघितलं, पण मोकळ्या गाडीवर. सामान बांधून बघायला पाहिजे होतं. चाळीस वर्षं झाली, तरी पिशवीचा पट्टा सुचला नाही बघ.”

पत्र्याची डबी उघडली. मामांची बोटे थंडीने वळत नव्हती, म्हणून लग दाबण्याचे काम भाच्याने केले. मामा फक्त कुठे धरायचे ते सांगत होते. करपलेला तुकडा कापला, नवी तार मानेच्या दुसऱ्या बाजूने घेतली, तिच्यावर जुन्या ट्यूबच्या रबराची नळी चढविली. स्लीव्ह आवळायला बुलेटच्या तापलेल्या सायलेन्सरची ऊब पुरली नाही. शेवटी तंबूसाठी आणलेल्या काडेपेटीतील चार काड्या खर्ची पडल्या. मग पिशवी बांधून, पट्टा आवळून, हँडल डावीकडे, हँडल उजवीकडे. एक लष्करी ताफा खालून येत होता. त्यातील एका ट्रकच्या चालकाने काच खाली करून काही मदत हवी का, असे विचारले. मामांनी हात हलवून नको म्हटले. राखाडी फ्यूज बसला. सारे मिळून तास गेला.

हा गेलेला तासच पुढे मोलाचा ठरला, आणि यंत्राचा खरा उपयोग तेव्हा कळला. सूर्यास्त किती वाजता, लेह किती दूर, मधल्या खिंडी किती उंच, हे पडद्यावर होते. नकी ला आणि लाचुंग ला यांच्या मधल्या प्रवाहाला रस्ता बांधणाऱ्यांनी ‘व्हिस्की नाला’ असे नाव दिले आहे. कडाक्याच्या थंडीत काम करणाऱ्यांची ही थट्टा असावी. लाचुंग ला पाच हजार मीटरांच्या वर. पांगला पोचेपर्यंत दुपार झाली. पांग सरचूपेक्षाही उंच, सुमारे ४,६०० मीटर. मामांचे डोके ठणकू लागले होते. तिथे रात्र काढायची की उरलेल्या उजेडात तांगलांग ला ओलांडून खाली उतरायचे? भाच्याने पडद्यावर पाहून सांगितले, की मोरे मैदानाचे चाळीस किलोमीटर सपाट आहेत, खिंडीचा माथा तीनच्या सुमारास येईल, आणि माथ्यानंतर सारा उतारच आहे.

“तुझं यंत्र नाला धरत नाही हिशेबात,” मामा म्हणाले.

“पुढं नाले नाहीत, मामा. ढाब्यावर विचारून आलोय.”

मामांनी त्याच्याकडे पाहिले, गरम पाण्याचा पेला संपविला आणि बुलेटला किक मारली.

मोरे मैदान हे नावाप्रमाणेच मैदान. दोन्ही बाजूंना पर्वत आणि मधे डोळ्यांना पोचता येईल तितकी सरळ वाट. वाटेत कियांगांचा एक कळप धूळ उडवीत समांतर धावला आणि कंटाळून वळला. देब्रिंगला त्सो कार सरोवराचा फाटा आला, गेला. तांगलांग लाच्या माथ्यावर सीमा सडक संघटनेची पाटी १७,५८२ फूट सांगते. उपग्रहांच्या मापाने खिंड ५,३२८ मीटर, म्हणजे सुमारे १७,४८० फूट. शंभर फुटांचा हा वाद तिथे उभे राहून सोडविण्याची कोणाचीही तयारी नसते. दोघे पाच मिनिटेही थांबले नाहीत.

उतारावर मामांच्या डोक्याचा ठणका हळूहळू कमी होत गेला. रुमत्से, ग्या, मिरू. जांभळ्या खडकांच्या घळीतून हिरव्या जवाच्या पट्ट्या दिसू लागल्या, मग पॉपलरची झाडे. उपशीला सिंधू भेटते. सकाळपासून जवळजवळ मुके असलेले यंत्र तिथे बोलले : डावीकडे वळा. उजवीकडचा रस्ता नदीच्या वरच्या अंगाला चुमाथांगकडे जातो. कारूला दोघांनी पेट्रोल भरले आणि दिवेलागणीला लेह गाठले.

करपलेला तारेचा तुकडा मामांनी फेकला नाही. सांगलीच्या दुकानात, पान्यांच्या फळीवर, एका खिळ्याला तो आता टांगलेला आहे. त्याच्याच टोकाला तो निळा फ्यूज बांधलेला आहे. दुकानात काम शिकायला येणारी पोरे त्याविषयी विचारतात. मामा आधी त्यांना गाडीवर सामान बांधायला लावतात.